क्लोव्हिस टॅकेटने बंदूक निवडली त्याची गोष्ट

आर्कान्सातल्या भातशेतीच्या मुलखात क्लोव्हिस टॅकेटचं कुणाकुणाशी पटतं, हे सांगायला वेळ लागत नाही. त्याचं त्याच्या काळ्या कुत्रीशी पटतं, आणि तीही सध्या जरा घुश्शात आहे. पाद्र्याशी प्रवचनाच्या लांबीवरून वाजलं, पोस्टमनशी कुंपणावरून. मेव्हण्याशी, म्हणजे रॉइसशी, कशावरून वाजलं ते दोघांनाही आठवत नाही, त्यामुळे ते भांडण मिटवणार तरी कुठून?

क्लोव्हिसची हयात भात वाळवायच्या कारखान्यात गेली. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. मीठ मागितलं तरी घराला आग लागल्यासारखं मागतो. फक्त एका ठिकाणी त्याचा आवाज बंद होतो. आपल्या झाडाखाली.

त्या गावात माणसाला घर असतं, गाडी असते आणि झाड असतं. हिवाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठचं जंगल पाण्याने भरून टाकतात. रानबदकं ओकची फळं खायला तिथे उतरतात, आणि शिकारी क्लबचा प्रत्येक सभासद मांडीभर पाण्यात आपापल्या झाडाला टेकून उभा राहतो. झाड बापाकडून मुलाकडे येतं. क्लोव्हिसचा ओक त्याच्या बापाचा. समोर झाडीत मोकळी जागा आहे आणि बदकं नेमकी तिथेच उतरतात. रॉइसचं झाड बरोबर त्याच्या मागे. त्यामुळे रॉइसने जन्मभर बदकांपेक्षा क्लोव्हिसची पाठच जास्त पाहिली आहे, आणि ती काही पाहण्यासारखी पाठ नाही.

मागच्या हंगामात क्लोव्हिसची जुनी छऱ्याची बंदूक ऐन थव्यासमोर अडकली. रॉइस त्याच सुमारास क्लबचा अध्यक्ष झाला होता. क्लबच्या जेवणाच्या वेळी त्याने नियम मांडला: एका हंगामात ज्याची बंदूक दोनदा दगा देईल, त्याने झाड सोडायचं. चाप ओढला की गोळी सुटली पाहिजे, बाकी काही बघायचं नाही.

"सुरक्षिततेसाठी," रॉइस म्हणाला, आणि छतातल्या कोळिष्टकांकडे बघत राहिला.

पातेल्यातला बदकाचा रस्सा थंड होत होता, म्हणून सगळ्यांनी भराभर हात वर केले. क्लोव्हिसने केला नाही. त्याला कुणी मोजलंही नाही.

तेव्हा हंगामाआधी क्लोव्हिस नेड्राच्या बंदुकांच्या दुकानात गेला. चाप ओढला की आपली आपण पुढचं काडतूस भरून घेणारी, आणि मुख्य म्हणजे न अडकणारी बंदूक त्याला हवी होती. रॉइस तिथे शेगडीपाशी फुकटची कॉफी पीत बसलाच होता.

नेड्राने दोन बंदुका काढून ठेवल्या. "ही बारुदाच्या वायूवर चालते. खांद्याला धक्का कमी बसतो, पण आतून काजळी साफ करत राहावं लागतं. तुझी जुनी याच जातीची. ती कधी साफ केली होतीस?"

"पावसात नेत होतो की."

"आणि ही दुसरी नुसत्या धक्क्यावर चालते. आत भाग कमी, घाण कमी. खांद्याला मात्र चांगली लाथ घालते."

"पहिली घे," शेगडीजवळून रॉइस म्हणाला. "तुझ्या वयाला लाथ सोसायची नाही. दुसरी तरण्या लोकांची आहे."

रॉइस क्लोव्हिसपेक्षा वर्षभराने मोठा आहे. क्लोव्हिसने पहिल्या बंदुकीकडे वळूनही पाहिलं नाही. "दुसरी बांध," तो म्हणाला. माणूस शांतपणे, चारी बाजूंनी विचार करून बंदूक निवडतो म्हणतात, ते असं.

"बरोबर निवडलीस," नेड्रा म्हणाली, "कारण साफ तर तू करणार नाहीस. पण एक ऐकून ठेव. हिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे सरकून नळी बंद करणारा हा तुकडा, हाताने धरून हळू पुढे न्यायचा नाही. बटण दाबून खटाककन सोडून द्यायचा. हळू नेलास तर शेवटी केसभर उघडा राहतो, मग चाप ओढल्यावर नुसतं टिक्. अगदी आवाज नकोच असेल, तर नंतर अंगठ्याने पुढे दाबून बसवायचा."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी बंदुका भरतोय."

"म्हणूनच सांगते आहे."

क्लोव्हिस तोपर्यंत दारापर्यंत पोचला होता.

हंगामाच्या पहिल्या पहाटे पाणी काचेसारखं स्थिर होतं. अशा पाण्यावर नाणं पडलं तरी थवा उडतो, म्हणून क्लोव्हिसच्या बापाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं: बंदूक अशी मिटायची, जसं झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार. क्लोव्हिसने काडतूस घातलं आणि बोल्ट बोटांनी धरून, अगदी मायेने पुढे नेला. उजाडलं. रॉइसने बदकं बोलवायची शीळ घुमवून थवा खाली आणला. पंख पसरून, पाय पुढे काढून बदकं क्लोव्हिसच्या नाकासमोर उतरू लागली. त्याने चाप ओढला.

टिक्.

"एक," मागून रॉइस म्हणाला. त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं की थवा निसटल्याचंही त्याला दुःख झालं नाही.

दुपारी क्लोव्हिस घरी आला तो बंदुकीला, ती बनवणाऱ्याला आणि त्याच्या देशाला शिव्या घालतच. त्याची बायको अर्लीन, म्हणजे रॉइसचीच बहीण, कणीस सोलत होती.

"नेड्राने काही सांगितलं नव्हतं का?"

"काय सांगणार आहे ती?"

"म्हणजे सांगितलं होतं."

क्लोव्हिस शेडमध्ये गेला. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट हळू नेऊन पाहिला, केसभर फट. अंगठ्याने दाबला, बारीकशी हालचाल, आणि फट बंद. आवाज नाही. नेड्राचं बरोबर होतं, हे त्याने कुत्रीलाही कळू दिलं नाही. एवढ्यावर दुसरा कुणी उठून जेवायला गेला असता. क्लोव्हिस मात्र तिथेच बसून राहिला, आणि थोड्या वेळाने अर्लीनला शेडमधून हसण्याचा आवाज आला. लग्नानंतर तिने तो क्वचितच ऐकला होता. तिने दाराला कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी क्लोव्हिस बंदूक रिकामीच धरून उभा राहिला. रॉइसने थवा बोलावला. बदकं एक फेरी घेऊन झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरली. तेव्हा क्लोव्हिसने सावकाश काडतूस घातलं आणि बटण दाबलं.

खटाक!

सगळा थवा जागच्या जागी वर उसळला आणि शेजारच्या काउंटीत निघून गेला.

"काय करतोस, गाढवा?"

"बंदूक भरतोय."

"आधी भरता येत नाही?"

"भरलेली बंदूक घेऊन उगाच उभं राहू नये. सुरक्षितता, रॉइस."

आणि त्याने रिकाम्या आभाळात एक बार काढून दाखवला. बंदूक व्यवस्थित चालत होती.

पुढे रोज हेच. नियमात आवाजाबद्दल चकार शब्द नव्हता, आणि तो नियम रॉइसने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला. क्लबातली मंडळी आधी क्लोव्हिसवर गुरगुरली. पण त्याच्यावर गुरगुरणं म्हणजे भिंतीवर गुरगुरणं, हे गावाला पाठ होतं. मग ती रॉइसकडे वळली: नियम तुझा, तूच निस्तर. शेवटी एका सकाळी, सगळे हात हलवत परतून गरम पाव आणि पांढरी ग्रेव्ही पुढ्यात घेऊन बसले असताना, रॉइसने चमचा खाली ठेवला.

"तुला हवंय तरी काय?"

"पाव इकडे सरकव," क्लोव्हिस ओरडला. "आणि तो नियम काढ."

"बंदूक बदलशील? माझी घे. उद्यापासून."

"तुझी काजळीने भरलेली असेल."

रॉइसने खोलीभर नजर फिरवली. एकाचंही तोंड त्याच्या बाजूचं दिसेना. "नियम रद्द. झाड त्याचं," तो ताटाकडे बघत म्हणाला. या वेळी हात मोजले. क्लोव्हिसने दोन्ही वर केले होते.

दुसऱ्या पहाटे जंगलात चिडीचूप. थवा आला, फेरी घेतली, उतरला. खटाक झालंच नाही. बार झाले, बदकं पडली, कुत्री खुशीत पाण्यात झेपावली.

"आवाज कुठे गेला?" मागच्या झाडापाशी उभ्या रॉइसने विचारलं.

"नवी होती," क्लोव्हिस मागे न वळता म्हणाला. "आता रुळली."

त्याने पुढचं काडतूस घातलं, बोल्ट मायेने पुढे नेला आणि अंगठ्याने दाबून बसवला. रॉइसला त्यातलं काहीच दिसलं नाही. मध्ये ती पाठ होती.