राणीच्या फोटोचा हार

इंग्लंडच्या राणीला एवढं दीर्घायुष्य लाभलंय, त्याचं श्रेय लंडनच्या डॉक्टरांना द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण मला विचाराल तर ते ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात राहणाऱ्या माझ्या मावससासूबाईंचं आहे. राजघराण्यात लग्न असो, बारसं असो की राणीचा वाढदिवस असो, तो इकडे साजरा झाला आणि पाहुणे पांगले, की मावशी राणीचा फोटो खाली उतरवतात, त्यावरून मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळतात आणि शेगडीवर टाकतात. मग घरभर ठसका, स्मोक अलार्मचा आकांत, आणि त्याच्याखाली टॉवेल फडकवत उभ्या मावशी म्हणतात, "केवढी नजर लागली होती बाई!" हे मी स्वतः खोकत खोकत पाहिलेलं आहे.

मावशींना राजघराण्याचा पुळका आहे असं मात्र म्हणवत नाही. त्यांना पुळका आहे तो राजघराण्याच्या सेलचा. राजपुत्राचं लग्न झालं, की दुसऱ्याच दिवशी दुकानांतले त्याचे मग, टी-टॉवेल, झेंडे आणि कागदी ताटल्या कवडीमोलानं टोपलीत येऊन पडतात. मावशी त्या टोपलीवर तुटून पडतात आणि सगळा माल पुढच्या सोहळ्यासाठी गॅरेजमधल्या कपाटात कोंबतात. त्यामुळे त्यांच्याकडचा प्रत्येक सोहळा मागच्या सोहळ्याच्या सामानावर पार पडतो. दोन हजार अठरा साली धाकट्या राजपुत्राच्या लग्नाला थोरल्याच्या लग्नाचे मग बाहेर आले, तेव्हा मी म्हटलं, अहो मावशी, यावर नवरा वेगळा आणि नवरीही वेगळी. तर म्हणाल्या, "सख्खा भाऊच आहे ना त्याचा? आणि या मगावर तो तरी कुठे त्याच्यासारखा दिसतोय?" ते मात्र खरं होतं. मगावरचा राजपुत्र आमच्या हडपसरच्या गॅसवाल्यासारखा दिसत होता. खालच्या नावांवर मावशींनी ब्लाउजची उरलेली जरीची लेस चिकटवली होती. छताला जुन्या साड्यांची तोरणं, ताटल्या मागच्या खेपेच्या पण धुऊन-पुसून घेतलेल्या, आणि दर्शनी टेबलावर उन्हावर हात हलवणारी प्लॅस्टिकची राणी. मे महिन्यात, म्हणजे इकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, ऑकलंडला ऊन कुठलं? मावशी तिच्या डोक्यावर टॉर्च धरायला कुणालातरी बसवायच्या. जेवायला हिरव्या चटणीचे काकडी सँडविच, चिमुकले बटाटेवडे, आणि शेजारपाजारच्या परसात सडा पडलेल्या, म्हणजे फुकटच्या, फिजोआची, पेरूसारख्या त्या हिरव्या फळांची, कोशिंबीर. ती गोड-आंबट कोशिंबीर खाऊन कुणी तोंड वाकडं केलं, की त्याला घरी नेण्यासाठी पिशवीभर फिजोआ मिळायचे.

एवढी गंमत असूनही दर सोहळ्याला आमच्या घरून, रोटोटुनाहून, निघताना मी नवऱ्याला म्हणायचे, या खेपेला नको जाऊया. त्याला कारण राणीच्या फोटोला पडणारा तो हार.

मावशींच्या शेजारी एक नव्वदी ओलांडलेली बाई राहायची. आम्ही सगळे तिला गोरी आजी म्हणायचो. मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेले तेव्हा मावशी या देशात नव्या होत्या आणि मुलगा सिडनीला. तेव्हा ही बाई रोज सुपाचं भांडं घेऊन यायची, मावशींच्या शेजारी बसायची आणि काही न विचारता निघून जायची. मावशींनी काकांचा फोटो भिंतीवर लावला, त्याला चंदनाचा हार घातला, तेव्हा मात्र तिनं विचारलं, हे कशासाठी? मावशी म्हणाल्या, "रिस्पेक्ट. बिग मॅन." पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अगं, तो दुसरा शब्द तोंडातून निघेचना. जे सुचलं ते सांगितलं."

झालं! गोऱ्या आजीनं ते मनात धरून ठेवलं. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा ती राणीचा चौकटीतला फोटो आणि भारतीय दुकानातून झेंडूचा प्लॅस्टिकचा हार घेऊन आली, काकांच्या शेजारी खिळा ठोकून घेतला, आणि जिवंत, धडधाकट राणीला तिनं स्वतःच्या हातानं हार घातला. मग दोन पावलं मागे सरकून डोळे पुसत उभी राहिली. मावशींचा चेहरा पांढराफटक. पण एवढ्या हौसेनं आणलेला हार, काढा कसं म्हणणार? त्या दिवसापासून दर सोहळ्याला गोरी आजी हार घालायची, आणि ती घरी गेली की मावशी तो काढून दृष्ट काढायच्या. मी चिडून म्हणायचे, सांगून टाका की एकदाचं! कसली राणी आणि कसलं काय! तर मावशी म्हणायच्या, "राणीचं सोड गं. मला हिची काळजी आहे. दोघी एका वर्षाच्या. आम्ही बरोबरच जाणार, असं हसत हसत सांगते मला." तेव्हा मला कळलं की मिरच्या कुणासाठी जळत होत्या.

आणि आता धाकट्या राजपुत्राच्या लग्नाच्या दिवशी गोरी आजी कायमची निघाली होती. तिचा मुलगा दक्षिण बेटावर राहायचा. त्यानं घराजवळच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, तिच्यासाठी खोली घेतली होती आणि संध्याकाळच्या विमानानं तिला न्यायला आला होता. इंग्लंडातलं लग्न आमच्याकडे रात्री लागणार होतं, म्हणून मावशींनी मेजवानी नेहमीच्या गॅरेजमध्ये, फोटोंच्या भिंतीसमोर, दुपारीच ठेवली. पाऊस कोसळत होता. मावशी सकाळपासून भिंतीकडे बघत नव्हत्या. आजचा दिवस धड पार पडू दे, एवढंच त्या तीनतीनदा पुटपुटल्या.

त्यात पुण्याहून नुकतंच आलेलं एक कुटुंब होतं. त्यातले गृहस्थ पेनरोजला कंपनीत इंजिनिअर. ते आत आले, हार घातलेल्या राणीपुढे थबकले, चपला काढून हात जोडले आणि हळहळत म्हणाले, "अरेरे! कधी झालं?" मी धावले. तोवर त्यांचं दुसरं सुरू झालं की सुतकात लग्न कसं काय ठेवलं यांनी. त्यांच्या हातात बटाटेवडा कोंबून मी त्यांना गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नेलं. गोऱ्या आजीनं विचारलं, ते काय म्हणाले? मावशींनी तोंडभर हसून सांगितलं, नमस्ते म्हणाले.

गोऱ्या आजीनं हॅट घातली होती. वॉकर धरून ती सगळ्यांकडे फिरली, कोशिंबीर दोनदा घेतली, प्लॅस्टिकच्या राणीवर टॉर्चही धरला. बाहेर मुलगा गाडीशी उभा राहून घड्याळ बघत होता. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिनं पिशवीतून एक चौकट काढली. तिचाच फोटो, हीच हॅट घातलेला. त्याच्याबरोबर एक नवा कोरा हार. आणि काकांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "डिअर, मला यांच्या शेजारी लाव. हार घातलेला बघूनच जाईन. म्हणजे मी या घरची झाले असं समजेन."

गॅरेजमधल्या सगळ्या मराठी माणसांनी हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या. मावशींच्या एका हातात फोटो, एका हातात हार. नाही म्हणावं तर म्हातारी तुटलेल्या मनानं जाणार, हो म्हणावं तर जिवंत मैत्रिणीच्या फोटोला हार. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं, तर तो छताकडे बघायला लागला. या घराण्यातले पुरुष अशा वेळी छताकडेच बघतात.

"फोटोला नको," मावशी अचानक म्हणाल्या. "यू सिट."

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची पूर्वेकडे तोंड करून फिरवली. मला म्हणाल्या, चटणीसाठी ठेवलेला नारळ आण. मग स्वतः आत गेल्या आणि काकांच्या निवृत्तीच्या सत्काराची शाल घेऊन आल्या. वापरलेले पेपर नॅपकिन उलटे करून वापरणाऱ्या मावशींनी त्या शालीला आजवर कुणाला हातही लावू दिला नव्हता. ती त्यांनी गोऱ्या आजीच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, कुंकू लावलं आणि तो झेंडूचा हार तिच्या गळ्यात घातला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पेनरोजचे गृहस्थ तर सगळ्यांत जोरात. गोरी आजी शाल कुरवाळत राहिली. मग तिनं मावशींचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही.

गाडीत बसवताना छत्री माझ्या हातात होती, म्हणून पुढचं मी ऐकलं. मावशी खिडकीशी वाकल्या आणि इतकी वर्षं अडकलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, की फोटोला हार घालतात तो गेलेल्या माणसाच्या. गोऱ्या आजीनं खिडकीची काच आणखी खाली केली. "म्हणजे राणीला? इतकी वर्षं?" आणि ती अशी हसायला लागली की नारळ मांडीवरून घसरला. "तरीच! तरीच तुझे पाहुणे येतानाच एवढे दुःखी असायचे!" मावशीही हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग तिनं गळ्यातला हार काढून मावशींच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव, डिअर. वेळ आली की घाल." मुलानं गाडी सुरू केली.

पुढच्या वर्षी त्या मुलाचा फोन आला. आम्ही लगेच मनुरेवाला गेलो. शेजारच्या घरात नवे भाडेकरू आले होते. मावशींनी गोऱ्या आजीचा फोटो काकांच्या शेजारी लावला होता, काच लख्ख पुसलेली. हार नव्हता. तो खाली टेबलावर, हडपसरच्या गॅसवाल्याच्या मगात नीट गुंडाळून ठेवलेला होता. उन्हाची तिरीप आली होती आणि प्लॅस्टिकची राणी आपली हात हलवत होती. मी भीत भीत विचारलं, मावशी, हार घालायचा राहिला का?

मावशींनी फोटोकडे पाहिलं नाही. मगाचा कान उगाच भिंतीकडे वळवून ठेवला.

"घालीन गं," त्या म्हणाल्या. "घाई काय आहे?"