जाळ्याच्या धाग्याची किंगरी

इनायतभाईचं दुकान आणि माझा टायपिंग क्लास यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत एका गल्लीत आम्ही अठरा वर्षं शेजारी होतो. अलीकडे माझी वीस मशिनं खडखडत, पलीकडे तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करी. दिवसभर एवढा खडखडाट करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या आवाजाबद्दल बोलू नये, हे मला कळत होतं. तरी मी बोललो. माझा स्वभावच तसा.

त्याची बायको सुलताना शहाण्णव साली गेली. एकुलती एक मुलगी, रूही, लग्न होऊन नागपूरला राहत होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत इनायतभाई एकटाच उरला. अठ्ठ्याण्णव साली कोळसा खाणीच्या कॉलनीतला एक ऑर्केस्ट्रावाला त्याच्याकडे लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा स्पीकर दुरुस्तीला टाकून गेला, तो परत फिरकलाच नाही. इनायतभाईने गिटार दुरुस्त केली आणि दुरुस्त झाली की नाही हे बघायला म्हणून छेडली. ते बघणं पुढे सहा वर्षं चाललं. गिटार हातात घेतली तेव्हा त्याचं वय सत्तेचाळीस होतं.

शिकवायला कोणी नव्हतं. टेपवर गाण्याची एक ओळ लावायची, बंद करायची, मागे घ्यायची, तारेवर शोधायची. एकाच ओळीचा त्याने इतका पिच्छा पुरवला, की माझे विद्यार्थी त्या ठेक्यावर टाइप करू लागले. मी तणतणत पलीकडे गेलो.

"इनायतभाई, या वयात हे काय खूळ घेतलं डोक्यात?"

तो हसला. "मास्तर, घरात कोनी बोलत नाई. हे निदान बोलते तरी. या नं, बसा जरा. आयका."

"परीक्षा जवळ आली," मी म्हणालो आणि परतलो. टायपिंगची परीक्षा वर्षातून दोनदा असते, पण इनायतभाईला सांगायला ती बारमाही जवळ आलेली असे.

पुढे सीडी आल्या आणि त्याचं काम आटलं. भिंतीवरच्या ज्या खिळ्यांना दुरुस्तीचे टेप टांगलेले असत, ते रिकामे झाले. त्या खिळ्यांवर तो वाद्यं टांगू लागला. झाडीपट्टीच्या नाटक मंडळींनी कॅसिओ घेतला आणि पेटी अडगळीत टाकली, ती याने आणली. बँडवाल्याचं चाव्या तुटलेलं क्लॅरोनेट, कोणाच्या मुलीचं बुलबुलतरंग, फाटक्या पानाची ढोलकी. कोणाला नको असलेलं सगळं याच्याकडे येई. आणि तो ते नीट करी. नादुरुस्त वस्तू समोर असली की त्याचे हात शिवशिवत.

किंगरी, म्हणजे गजाने वाजवायचं एकतारी वाद्य, त्याला गोंडपिपरीच्या बाजारात मिळाली. तिथे तो आठवड्यातून एकदा रेडिओ दुरुस्तीची पेटी घेऊन बसायचा. शेजारी गिरजाबाई नावाची ढिवराची म्हातारी सुकवलेले झिंगे विकायला बसे. तिचा नवरा इस्तारी तळ्यात मासे धरायचा आणि भजनात किंगरी वाजवायचा. तो वारल्यावर नातवंडांनी किंगरीचं खेळणं केलं, म्हणून एके दिवशी गिरजाबाई ती टोपलीत घालून घेऊन आली. नारळाची करवंटी, तिच्यावर बकऱ्याचं कातडं, बांबूची काठी, आणि तारेच्या जागी जाळ्याचा पिळलेला धागा. तिने पैसे घेतले नाहीत. एक अट मात्र घातली.

"सालातून एकडाव मले आयकवजा, भाऊ. चैतात महाकालीच्या यात्रेले येईन मी, तवा."

आणि ती आली. दोन हजार साली आली, एक साली आली, दोन सालीही आली. देवीचं दर्शन घेऊन, कपाळाला मळवट भरून, भर उन्हात ती आमच्या गल्लीत यायची. इनायतभाई तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा. मग धाग्यावर सारंगीसारखा गज ओढायचा. त्याला धड वाजवता येत नव्हतं, नुसता एक लांब घोगरा सूर निघे, पण तिला तेवढाच हवा असे. जाताना पुडीभर झिंगे ठेवायची आणि जायची. वर्षभरात त्याचं वाजवणं ऐकायला मुद्दाम येणारं ते एकच माणूस. दोन हजार दोन साली तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं. ती स्टूल सरकवून जवळ आली आणि तिने करवंटीला कान लावला. हे इनायतभाईनेच मला सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा पडला होता.

"बाईले आयकूच नाई आलं, मास्तर. पुढच्या साली असं करतो का गल्लीच्या तोंडापासून आयकू आलं पायजे."

अन् त्याने ते केलं. गिटारमध्ये तारांखाली चुंबकाची पट्टी असते, तारेची थरथर तीच पकडते आणि स्पीकरला पोचवते. तशी पट्टी त्याने स्वतः तांब्याची तार गुंडाळून बनवली आणि किंगरीला बसवली. चुंबकाला धागा कळत नाही, पोलादच कळतं. म्हणून त्याने धागा कापला आणि गिटारची तार चढवली. करवंटीला पॉलिश मारलं. दोन हजार तीनच्या चैत्रात तो सकाळीच माझ्या दारात आला.

"मास्तर, आज तरी या. आज मजा येईन."

या खेपेला मी गेलो. खरं सांगतो, कौतुकाने नाही, उत्सुकतेने गेलो.

गिरजाबाई स्टुलावर बसली. इनायतभाईने बटण दाबलं आणि गज ओढला. आवाज खणखणीत आला. स्क्रूंच्या डब्यांची झाकणं थरथरली. सूर सरळ होता, स्वच्छ होता, मला तर आवडला. म्हातारी मात्र इकडेतिकडे बघू लागली.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

"किंगरीच हाये, बाई. तुमचीच."

ती उठली. जवळ जाऊन तिने तारेवरून बोट फिरवलं. "धागा कुठी हाये?"

इनायतभाई स्क्रूंचे डबे उघडू लागला. एक, दुसरा, तिसरा. या माणसाने अठरा वर्षांत एक स्क्रू फेकला नव्हता. टेपमधून निघालेली प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक चकती त्याच्याकडे जपलेली होती. पण धागा त्याच्या लेखी पार्टच नव्हता. कापला तसा खाली पडला असणार आणि झाडूबरोबर गेला असणार.

"आमच्या जुन्या जाळ्याचा व्हता," ती म्हणाली. "मी पिळला, त्याईनं बांधला."

"बाई, तुमाले आयकू येत नव्हतं म्हनून... मी म्हटलं, मोठ्यानं..."

"मोठ्यानं कायले, भाऊ? मी जवळ बसत होती नं."

इनायतभाईने बटण बंद केलं. मी जमिनीकडे बघत राहिलो. वायर सोडवून त्याने किंगरी तिच्यापुढे धरली. "घेऊन जा, बाई."

"मी काय करू नेऊन? तुमी चांगल्यासाठीच केलं. पन आता ते तुमचंच हाये." तिने झिंग्यांची पुडी नेहमीच्या जागी ठेवली आणि उन्हात निघून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

नंतरचं वर्षभर इनायतभाई धागे आणत होता. नदीकाठच्या ढिवरांकडून नवे, जुने, भिजलेले, वाळलेले धागे आणायचा, चढवायचा, ओढायचा, उतरवायचा. दोन हजार चारच्या चैत्रात त्याने स्टूल पुसून ठेवलं. यात्रा भरली आणि पांगली. मग तो गोंडपिपरीच्या बाजारात गेला. गिरजाबाईच्या जागेवर तिची सून भाग्यश्री बसली होती.

"सासू बरी हाये," ती म्हणाली. "यात्रेले गेली होती नं यंदाई."

हे त्याने माझ्या दारात उभं राहून सांगितलं आणि आत निघून गेला. तेव्हा तरी मी उठून पाठोपाठ जायला हवं होतं. मी हजेरीचं रजिस्टर उघडलं.

त्यानंतर पलीकडून आवाज येईनासा झाला. सहा वर्षं जिच्यावर मी चिडत होतो ती ओळ थांबली. माझेही विद्यार्थी एव्हाना कॉम्प्युटरकडे गेले होते, वीसपैकी चार मशिनं चालत. दुपारी इतकं शांत असे, की मला राहवेना. मी पलीकडे गेलो.

किंगरी खिळ्यावर होती, तिला ना तार होती, ना धागा. स्पीकर फडक्याखाली झाकलेला होता. इनायतभाई लाल गिटार मांडीवर घेऊन बसला होता. तिला वायर जोडलेली नव्हती. तिच्या लाकडाला त्याने कान लावला होता, डोळे मिटलेले होते आणि बोटं तारांवर चालत होती. तो वाजवत होता.

मी दारात होतो, जेमतेम सहा पावलांवर. तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकायचं तर जवळ जाऊन बसावं लागलं असतं, आणि अठरा वर्षांत तेवढं जवळ मी कधी बसलो नव्हतो. स्टूल रिकामंच होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि माझ्या मशिनांकडे परत आलो.