वामनरावांच्या गाडीची ताटी

कॉलेजचा चपराशी सायकल भिंतीला टेकवून आमच्या ऑफिसच्या पायऱ्या चढत आला, तेव्हा बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. माझं नाव विचारून तो म्हणाला, "बाबूजी, लवकर चला. ते वामनरावसाहेब... गाडीतच बसल्या बसल्या..." मी मूर्खासारखं विचारलं, "हँडल मारलं का त्यांनी?" तो म्हणाला, "नाही जी. हँडल कशाले मारतील? गाडी तर चालूच हाये." या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझं मन अजून त्या उत्तरापाशीच अडून बसलं आहे. गाडी सुरू करायला पुढून फिरवायच्या ज्या हँडलला आम्ही सगळे वर्षभर भीत होतो, त्याचा यात काही संबंधच नव्हता.

वामनराव माझे नागपूरच्या महाल भागातले शेजारी. सेक्रेटरिएटात आमची टेबलंही शेजारी-शेजारी होती. इंग्रज निघून गेले त्या वर्षी एका साहेबाने जाता जाता आपली जुनी गाडी विकायला काढली आणि वामनरावांनी ती घेतली. गल्लीने त्यांना सोडलं नाही. कारकुनाच्या दारी हत्ती आला म्हणून बायका हसल्या, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. पण गाडी त्यांनी मिरवायला घेतली नव्हती, कुमुदसाठी घेतली होती. ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ताप आला आणि जाताना पायातलं बळ घेऊन गेला. काठीच्या आधाराने ती घरात फिरायची. पण टांग्याची पायरी उंच, त्यामुळे शाळेत जाताना तिला उचलून बसवावं लागे. लहान होती तोवर ठीक होतं. पुढे ती मोठी झाली आणि उचलताना डोळे मिटून घ्यायला लागली. वामनरावांनी ते पाहिलं. साहेबाच्या गाडीला दारापाशी रुंद, ठेंगणं पायदान होतं. दार धरून, एक पाय, मग दुसरा पाय, असं करत कुमुद आपली आपण चढत असे. वेळ लागायचा. तोवर वामनराव समोरच्या कडुलिंबाकडे बघत उभे राहायचे, जणू त्या झाडात त्यांचं काही हरवलं आहे. एकदा न राहवून मी हात पुढे केला, तर हळूच म्हणाले, "राहू दे गा, दत्तूभाऊ. चढू दे तिले."

नागपूरची राजधानी मुंबईला गेली तेव्हा आमच्यातले निम्मे लोक ट्रंका बांधून गेले. वामनरावांनाही बोलावणं होतं, बढतीही होती. पण कुमुद नुकतीच कॉलेजात जायला लागली होती आणि मुंबईत गाडी ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. त्यांनी इथेच मिळेल ते टेबल धरलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मग छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी बजावलं, जिने सावकाश चढा, आणि गाडीचं हँडल तर हातात धरूच नका. बटन दाबून गाडी सुरू करणारा सेल्फ कधीच मेला होता, आणि त्याचा सुटा भाग या देशात कुठे मिळत नव्हता. त्यामुळे रोज सकाळी हँडल मारायचं काम माझ्याकडे आलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण हँडल मात्र मी असं मारायला शिकलो की गल्लीतली मुलं बघायला जमत. घरून एकदा निघाली की गाडी वाटेत बंद पडू नये, एवढीच काय ती सगळ्यांची काळजी. कारण ती बंद पडली, मागून लोक ओरडायला लागले, की कुणाला मदतीला हाक मारायच्या आत वामनराव स्वतःच हँडल मारायला खाली उतरायचे. रेल्वेच्या फाटकावर एकदा तसंच झालं. "मी त्यांची बाही धरून ठेवली होती काका," कुमुद मला म्हणाली, "तरी सोडवून गेले."

आणि यंदा होळी झाली न झाली तोच गाडीला नवं दुखणं लागलं. धावताना ठीक, पण कुठे उभी राहिली की हिव भरल्यासारखी थडथडायची, मागून काळा धूर टाकायची आणि आचका देऊन बंद व्हायची. कुमुदची बी.ए.ची परीक्षा तोंडावर आलेली. वामनरावांनी पेट्रोलला दोष दिला, दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं. प्लग काढून घासले, दोन दिवसांत ते पुन्हा काजळीने माखले. सीताबर्डीवरच्या मिस्त्रीकडे संध्याकाळी गाडी नेली की ती शहाण्या मुलासारखी वागायची. मिस्त्री म्हणायचा, "साब, ये तो अच्छी चल रही है." उभी असताना बंद पडू नये म्हणून वामनराव स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर पुन्हा तेच. त्या दिवसांत ते रात्री झोपत नसत, असं वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या. मी सांत्वन तरी काय करणार? "सोडून द्या ती गाडी," असं म्हणायला गेलो तर म्हणाले, "मंग तिले उचलून कोण नेईन, तू?"

कारण सापडलं ते एका रविवारी सकाळी, आणि सापडलं कुमुदला. घरात वहिनींनी खिडक्यांना, पाणी मारून गारवा करायच्या वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या. त्यातला एक तुकडा उरला होता, आणि आमच्या या दयाळू गृहस्थाने तो गाडीचं बॉनेट उघडून, इंजिन जिथून हवा ओढतं त्या डब्याच्या तोंडाला सुतळीने गच्च बांधला होता! थंड मुलखातली गाडी, तिला आपलं ऊन सोसत नसेल, हा त्यांचा हिशेब. रोज सकाळी निघताना त्या ताटीवर तांब्याभर पाणीही शिंपडत होते, ते संध्याकाळपर्यंत वाळून जायचं. मी ते रोज पाहत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मिस्त्रीही नागपूरचाच, त्याला तर गाडीची ताटी पाहून कौतुकच वाटलं होतं. कुमुद अंगणात खुर्चीवर पुस्तक घेऊन बसली होती. वामनराव तांब्या घेऊन निघाले तशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पाणी टाकलं की मंगच ती जास्त आचके देते. आपण नाही का, ओली ताटी लावून दार बंद केलं की आपलाच जीव घाबरते? तिले हवा काहून नाही लागत असन?"

वामनरावांनी तांब्या खाली ठेवला आणि सुतळी तोडली. ताटी निघाली ती चिखलाच्या पोळीसारखी. रस्त्यावरची धूळ आणि सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यांतून उडणारं कापसाचं तूस ओल्या वाळ्यावर बसून त्याचा लगदा झाला होता. आतली तारेची जाळीही तशीच बुजलेली. ती आम्ही घासलेटात बुडवून ब्रशने धुतली, उन्हात वाळवली, तेलाचं बोट फिरवून पुन्हा बसवली. हवा आत जाते तो कार्बोरेटरचा घसा काळाकुट्ट झाला होता. तो वामनरावांनी वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसून पुसून पितळेच्या समईसारखा लख्ख काढला. मी हँडल मारलं. गाडी एकदम एवढी जोरात गुरगुरली की मांजर पळालं. इतके दिवस पिळून ठेवलेला स्क्रू त्यांनी थोडा थोडा सैल केला, आणि हळूहळू तो आवाज खाली येत एका लयीत लागला. थडथड नाही, धूर नाही. वामनरावांनी बॉनेटवर तळहात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "मीच तिचा गळा दाबून राहिलो होतो गा," ते म्हणाले, "अन् पेट्रोलवाल्याले शिव्या देऊन राहिलो होतो."

परीक्षेचे पहिले पेपर सुखरूप झाले. सुटायच्या वेळी वामनराव कुणाकडून तरी हँडल मारून घेऊन हॉलसमोर येऊन उभे राहत आणि गाडी बंदच करत नसत. बंद केली तर पुन्हा हँडल आलं. त्या दिवशीही ते तसेच येऊन बसले होते. चपराशाला वाटलं, साहेबांना उन्हाने डुलकी लागली. पेपर संपवून कुमुद बाहेर आली, पायदानावर चढली, आत बसली, काठी नीट ठेवली आणि बापाला सांगू लागली की आज सगळे प्रश्न आले. "काका, मी बोलतच होते," ती नंतर मला म्हणाली. "गाडी चालू होती न. मले कसं कळन?" मग तिने त्यांचा हात धरला. तिला धावता येत नव्हतं, उतरायला वेळ लागला असता. तिने हॉर्नवर तळवा ठेवला आणि माणसं येईपर्यंत उचलला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, हे कुठेही झालं असतं. असेल. इलाज करता येतो अशा दुखण्याचा इलाज आम्ही शोधून काढला होता, त्याचा आनंदही केला होता, आणि ज्याचा शोधायला हवा होता त्याच्यापुढे आम्हा कुणाचं काही चालणार नव्हतं. माझा देवावर राग आहे. पण देवाला हँडल नाही, कुठे धरून फिरवणार? कुमुदचे उरलेले पेपर सुतकात होऊन गेले. पुढच्या वर्षी बसेन म्हणते. कॉलेजात कशी जाशील, हे तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी नरखेडकडचे एक संत्र्याचे बागाईतदार गाडी बघायला आले. वहिनींनीच निरोप पाठवला होता. घरात गाडी चालवणारं कुणी उरलं नाही, आणि कुमुदच्या पायांना तिचे पेडल दाबता येत नाहीत. मी हँडल मारलं. गाडी पहिल्या फेरीलाच लागली. "मस्त चालून राहिली जी," बागाईतदार खूश होऊन म्हणाले. तेवढ्यात दारात काठी वाजली. कुमुद पुस्तकं छातीशी धरून, चपला घालून ओट्यावर आली होती. इतकी वर्षं इंजिनाचा आवाज लयीत लागला की तिने निघायचं, असं बापलेकीचं ठरलेलं होतं. सवयीने ती उठून आली होती. आम्हाला पाहिलं आणि तिथेच थांबली. बागाईतदारांनी गाडी बंद करायला हात आत घातला. "राहू द्या," ती म्हणाली. मग ती ओट्यावरच बसली. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. कडुलिंबाखाली गाडी उभ्या जागी चालत राहिली आणि ती बंद करायला कुणाचा हात पुढे होईना. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. टाकीत होतं नव्हतं तेवढं पेट्रोल संपलं, तेव्हा ती दोनदा खोकली आणि आपणच बंद पडली. कुमुदने पुस्तकं मांडीवरून उचलली.

"न्या आता," ती म्हणाली.