गणपतभाऊच्या भोजनालयात आई

माझ्या आईला मी पहिल्यांदा हॉटेलात जेवायला नेलं, तेव्हा तिनं त्या हॉटेलाचा सगळा स्वयंपाक करून दिला.

ऐंशी ते नव्वदच्या मधली गोष्ट. मी सौसरला बँकेत नवीन लागलो होतो. घर पांढुर्ण्याला, त्यामुळे सौसरला एक खोली घेतली होती आणि दोन वेळचं जेवण गणपतभाऊच्या भोजनालयात. भोजनालय म्हणजे एक लांब खोली, मागे पडदा, पडद्यामागे भट्टी. टेबलं नव्हतीच. दोन्ही भिंतींना लांब फळ्या ठोकलेल्या आणि त्यांच्यासमोर बाकं. सगळ्या गिऱ्हाइकांनी भिंतीकडे तोंड करून जेवायचं! समोरासमोर बसले की लोक गप्पा मारतात आणि जागा अडते, असं गणपतभाऊचं म्हणणं. दारावर पाटी होती : 'आजची भाजी : वांगे'. पाटी ऑइलपेंटनं रंगवलेली होती.

आपण काय खायचं हेही गणपतभाऊच ठरवायचा.

"भाऊ, कढी दे ना."

"नाई भेटत. काल खोकून राहिले होते तुमी."

असा कारभार. तरी मला त्या माणसाचा लळा लागला होता. तर एका शनिवारी आई-बाबा सौसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला आले, तेव्हा मी जाहीर केलं, "आज खोलीवर स्टोव्ह पेटवायचा नाही. आज आपण बाहेर जेवायचं."

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाबा मास्तर होते. त्यांनी आयुष्यात कोणाला पूर्ण मार्क दिले नाहीत. आईच्या भाजीलाही ते 'ठीक हाय' याच्या वर कधी गेले नव्हते. पण आईचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं हिला मी काशीला नेतोय!

"तिथं ताट कोन वाढते रे?" तिनं विचारलं.

"तेच वाढतात."

"आन् उचलते कोन?"

"तेच."

"मंग आपन काय करायचं?"

"फक्त जेवायचं, आई."

आई खुदकन हसली. नुसतं जेवायचं, ही गोष्ट तिला फार गमतीची वाटली. पिशवीतून घडीचं लुगडं काढून ती नेसली. आज कोणीतरी हिला गरम पोळी वाढेल आणि ही बसून खाईल, एवढं एकच मला पाहायचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा दर्शनाच्या गर्दीनं भोजनालय तुडुंब भरलेलं. नेमका त्याच दिवशी गणपतभाऊचा आचारी तापानं फणफणून घरी पडला होता आणि भट्टीवर स्वतः गणपतभाऊ होता! (या माणसाला हुकूम सोडता येत होते, फोडणी देता येत नव्हती.) कशीबशी जागा मिळाली. बाबा एका टोकाला, त्यांच्या शेजारी आमच्या बँकेचे साहेब. साहेबांची बायको माहेरी गेली होती, म्हणून तेही भिंतीकडे तोंड करून भुकेले बसलेले. बाबांना ते साहेब आहेत हे ठाऊक नव्हतं आणि सांगायला मला सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात आईनं नाक वर केलं.

"वरण लागलं."

"लागू दे," बाबा म्हणाले. "हाटेल हाय हे. तू गप बस."

आई बसली. मग काटा रुतल्यासारखी हलली. मग म्हणाली, "हात धुऊन येते," आणि पडद्यामागे गेली.

हात धुवायचं पाणी पडद्याच्या अलीकडे होतं!

बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून मी आत डोकावलो. आईनं पदर खोचला होता. करपलेलं पातेलं कोपऱ्यात, नवीन वरण भट्टीवर. ज्याच्यापुढे अख्खं सौसर मुकाट जेवायचं, तो गणपतभाऊ खाली मान घालून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरत होता.

"बारीक चिरा ना जी! म्हशीले टाकून राहिले का?"

"हाव बाई," गणपतभाऊ म्हणाला.

"आई, अगं काय करून राहिली तू? चल बाहेर!"

"बाहेर येऊन काय करू? लोकं उपाशी बसले ना बाप्पा! उभा काहून हायस, हे पोळ्या ने!"

मी विनवलं, हात धरला, रागावलोसुद्धा. त्याचा एवढाच उपयोग झाला, की माझ्या हातात पोळ्यांची टोपली आली. बाहेर पाय ठेवला नाही तोच आरोळ्या सुरू! "ए भाऊ, इकडे पोळी!" "भाऊ, पानी!" "भाऊ, लिंबू नाई का बे?" मी धावत सुटलो. साहेबांच्या खांद्यावरून पोळी वाढली, तशी त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तुम्ही? बँकेतला पगार पुरत नाही का?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि पाणी आणायला पळालो. परत आलो तेव्हा वरण सगळ्यांच्या ताटात पोचलं होतं आणि भोजनालयात फक्त भुरके ऐकू येत होते. बाबांनी ताट जवळजवळ चाटून पुसून काढलं होतं. ते साहेबांना सांगत होते,

"याले म्हणतात वरण! एकदम पैकीच्या पैकी! तीस वर्षं झाली लग्नाले, घरी असं वरण एक रोज नाई झालं बघा!"

आणि त्यांच्या पाठीमागे, हातात वरणाचं भांडं घेऊन, आई उभी होती!

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"बाई, वरण आना अजून," मागे बांगड्या वाजलेल्या ऐकून बाबा भिंतीला म्हणाले.

आईनं वाढलं.

"अजून जरासं."

पुन्हा वाढलं.

"हाताले चव हाय बाई तुमच्या. गाव कोनतं म्हणायचं तुमचं?"

"माहेर बोरगाव," आई म्हणाली. (बाबांनी तरीही आवाज ओळखला नाही. 'जेवायला या' याच्यापुढचं त्यांनी घरी कधी नीट ऐकलं असेल, तर ना!) "सासर पांढुर्णा."

"अरे वा! पांढुर्ण्यात कोनाकडे?"

"तुमच्याकडेच जी!"

बाबांना असा ठसका लागला, की भिंतीवर वरणाची नक्षी उमटली. साहेब त्यांची पाठ थोपटू लागले. भोजनालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळी गिऱ्हाइकं भिंत सोडून इकडे वळून बसली. कोणीतरी खो-खो हसलं आणि मग सगळेच हसले. गणपतभाऊ पडद्यातून बाहेर आला, तोही हसला. मी मात्र हसलो नाही. बाबांचा राग मला माहीत होता.

बाबा उठले. धोतराला हात पुसले. आईकडे पाहत राहिले. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं आणि घडीच्या लुगड्यावर हळदीचे डाग पडले होते.

"तू जेवली का?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी आमच्या घरात तोवर ऐकला नव्हता. आईनंही बहुतेक ऐकला नसावा, कारण प्रश्न दुसऱ्या कोणाला आहे का, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं.

"होईल ना माझं. तुमचं होऊ द्या आधी."

"माझं झालं. बस इथं."

त्यांनी तिला स्वतःच्या जागेवर बसवलं, तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि वाढायला लागले. बाबांनी हातात डाव असा कधी धरलाच नव्हता. अर्धं वरण भातावर, अर्धं फळीवर. आई "पुरे, पुरे" म्हणत होती आणि बाबा वाढतच होते. 'पुरे' म्हटल्यावर थांबायचं असतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? घरी आई कधी थांबलीच नव्हती!

आई भिंतीकडे तोंड करून जेवली. सावकाश. मी पाण्याचा जग घेऊन मागे उभा होतो. मला तिची फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठ खूश होती.

त्यानंतर आई जामसावळीला आली, की दर्शन झाल्यावर भोजनालयात जायचीच. तिला पाहिलं की आचाऱ्याला सुट्टी. बाबाही बरोबर यायचे आणि गिऱ्हाइकांना मीठ वाढायचे. (त्यांना तेवढंच जमलं.) पुढं माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तर गणपतभाऊच्या डोळ्यांत चक्क पाणी!

"भाऊ, थांबवता नाई का येत हे बदली? साहेबांच्या पाया पडू का मी?"

त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "जाऊ दे गणपतभाऊ. नोकरी म्हटली की माणसाला जावंच लागतं."

"तुमी खुशाल जा हो!" गणपतभाऊ डोळे पुसत म्हणाला. "पण आईंले आता कोन घेऊन येईन?"