सत्कारमूर्ती रांगेत

आमच्या डेंटिस्टना एक वाईट खोड होती. तोंडात आरसा, नळी आणि कापसाचे दोन बोळे कोंबून झाले, की ते प्रश्न विचारायला लागायचे.

"तू या देशात कशी आलीस?"

"आँ."

"व्हिसावर, बरोबर. पण ते दार कोणी उघडलं?"

"आँ."

मग माझी दाढ कोरता कोरता ते सांगायचे, की काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन मताचा हक्क मिळवला आणि त्याच दशकात, त्याच रेट्यात, आमच्यासारख्यांना बाहेर ठेवणारा कायदाही बदलला. मी नागपूरची. समोरचा बोलत असताना गप्प बसणं आमच्या रक्तातच नाही. पण इथे जीभच बधिर केलेली, करणार काय? आठ वर्षांत माझे पाच दात आणि या देशाचा अर्धाअधिक इतिहास भरून झाला.

ते स्वतः काळे, ऐंशी कधीच ओलांडलेले, आठवड्यातून दोनच दिवस क्लिनिकला येणारे. आमच्या अल्फारेटा गावातल्या निम्म्या मराठी दाढा त्यांच्या हातच्या. वेटिंग रूममध्ये मासिकं नाहीत, भिंतभर जुने फोटो: मोर्चे, शाळेच्या पायऱ्या, त्यांच्या गावात पहिल्यांदा मत टाकून आलेली एक काळी आजी. तरुणपणी, ज्या पेशंटना दुसरा कोणी डेंटिस्ट हात लावत नसे, त्यांना ते रविवारी चर्चच्या तळघरात तपासायचे. आणि मतदार नोंदणीचा फॉर्म भरल्याशिवाय फुकटचा टूथब्रश कोणाला मिळायचा नाही.

ते निवृत्त होणार असं कळल्यावर त्यांचा सत्कार करावा हे खूळ माझंच. इथल्या मराठी मंडळाने ते उचलून धरलं. मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय आवडेल?

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "तुमची मुलं समोर बसव. क्लिनिक बंद झालं की मला उघडी तोंडं कुठे मिळणार?" हसले, मग हसायचे थांबले. "शाळेत तो सगळा लढा दोन पानांत उरकतात गं. आणि डोळ्यांनी बघितलेले आम्ही आता फार उरलो नाही. मुलांनी एकदा तरी आमच्यापैकी कोणाच्या तोंडून ऐकावं."

मी म्हटलं, वीस काय, तीस मिनिटं घ्या. शब्द दिला. मूर्खच मी. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वीस मिनिटं आजवर कोणाला मिळाली आहेत?

व्हॉट्सॲपवर चर्चा सुरू झाली. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र, यावर एकमत. पण डेंटिस्टला पेढे द्यावेत का, यावर दोन दिवस रणकंदन. एकीने सुचवलं, शुगर-फ्री पेढे. एकाने तिला ग्रुप सोडून जायला सांगितलं. पाहुणे किती वेळ बोलणार, हे मी चारदा लिहिलं. चारही वेळा खाली अंगठा आला आणि पुन्हा पेढे सुरू झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी अध्यक्षकाकांचं प्रास्ताविक मंडळाच्या स्थापनेपासून निघालं. अर्ध्या तासानंतरही मंडळाला स्वतःची सतरंजी मिळालेली नव्हती. मग पाहुण्यांचा परिचय, तोही मराठीत. सत्कारमूर्ती आपलीच जीवनकथा न कळता अगदी मन लावून ऐकत होते आणि लोकांबरोबर टाळ्या वाजवत होते. फेटा तयार आणलेला, दोन साइज मोठा. तो चष्म्यावर उतरला. मी पहिल्या रांगेत बसून घड्याळ दाखवत होते आणि काका मला हात हलवून नमस्कार करत होते.

शेवटी काका म्हणाले, "वेळेअभावी पाहुणे दोन शब्द बोलतील, आणि मग जेवण तयार आहे."

झालं. 'जेवण' म्हटल्यावर पुढचं-मागचं कोण ऐकतंय? पाहुणे माइकपर्यंत पोचेस्तोवर दीडशे माणसं रांगेत उभी. मुलं आईबापांनी हाताला धरून नेलेली.

माझा पारा चढला. "काका, माणसाला बोलवायचं आणि बोलूच द्यायचं नाही, ही कुठली रीत?"

"अगं, पुऱ्या गार होतात," काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पण पुऱ्यांचं जास्त.

डेंटिस्टनी फेटा वर सरकवून रिकाम्या खुर्च्या बघितल्या, रांग बघितली. मला म्हणाले, "ही किती वेळ चालते?"

"पाऊण तास तरी."

"मधेच कोणी सोडून जातं?"

"जेवणाची रांग? मराठी माणूस? शक्यच नाही."

त्यांनी माइक ठेवला, नारळ काखेत मारला आणि सरळ रांगेत जाऊन मुलांच्या घोळक्यात उभे राहिले. त्यांच्यासाठी टेबल मांडलं होतं, कार्यकर्ते बोलवायला धावले. ते हलले नाहीत.

आणि सुरू झाले. ते शाळेत होते तेव्हाची गोष्ट. गावातल्या दुकानात खाण्याचं काउंटर होतं. काळ्यांनी दुकानातून सामान घ्यायचं, पण काउंटरवर बसायचं नाही. एके दिवशी ते, त्यांची बहीण आणि चार मित्र जाऊन उंच स्टुलांवर बसले. खायला मागितलं. कोणी दिलं नाही. बहिणीच्या केसांत कोणीतरी केचप ओतलं. ती पुसत बसली, उठली नाही.

मुलं त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालायला लागली. मागच्या माणसांना पुढे जाऊ देऊ लागली, म्हणजे रांग संपू नये. मागून एक मावशी ओरडत होती, "अरे लाइन मूव्ह करा ना यार." मुलं हलली नाहीत, तिलाच पुढे सोडलं.

आठेक वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "हाऊ लाँग डिड यू वेट?"

"दुकान बंद होईपर्यंत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो."

"मग दिलं?"

"बऱ्याच महिन्यांनी द्यायला लागले. तोवर मी कॉलेजला गेलो होतो. त्या काउंटरवर मला कधीच मिळालं नाही."

वीस नाही, चाळीस मिनिटं झाली असतील. मुलांनी सगळ्यांना पुढे सोडल्यामुळे ती शेवटी राहिली, आणि मुलांना पुढे घालून ते सगळ्यात शेवटी. त्यांची पाळी आली तेव्हा परातीत एकही पुरी नव्हती. श्रीखंडाचं पातेलं खरवडलेलं. त्या मुलीने पातेल्यात पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा खरोखर वाटलं.

वाढायला साताऱ्याहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू होत्या. त्यांना इंग्रजी ओ का ठो कळत नाही, त्यामुळे या गोष्टीतलं अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्या खाली वाकल्या आणि टेबलाखालून झाकलेलं ताट काढलं. पुऱ्या, भाजी, कोशिंबीर, श्रीखंडाची वाटी काठोकाठ.

"तुमचं आधीच काढून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांचं पान काढल्याशिवाय मी कुणाला डाव धरू दिला नाही."

डेंटिस्टनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, सगळ्यांच्या आधी तुमचं वाढलं होतं."

दोन्ही हातांत ताट धरून ते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

काकूंना काय झालंय ते कळेना. त्यांनी आपली खुर्ची पुढे ढकलली आणि मला म्हणाल्या, "उभ्याने खाऊ नका म्हणावं. इथेच बसा."

मी तेही सांगितलं, आणि ते बसले.