चमचा पडला तरी

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडेही. चिपच्या आराखड्यात कुठे एखादं फालतू सर्किट दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. "हे कशाला हवंय?" हा तिचा ठरलेला प्रश्न. ज्याला तो विचारला जाई त्याची भंबेरी उडे, कारण बहुतेक वेळा उत्तरच नसे.

घरी मात्र ती थोरली. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं आणि निवृत्त होताना त्यांनी कान जणू कारखान्यातच ठेवले. आई मुळात हळू बोलणारी बाई, पण नवऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून तिचा घसा कायमचा बसला होता. "दार लावा" एवढं म्हणाली तरी शेजाऱ्यांना वाटे, यांची पुन्हा जुंपली. कानात घालायची यंत्रं आप्पांनी दोनदा आणली आणि दोनदा कपाटात टाकली. "सगळंच मोठं होतं त्यात," ते कुरकुरत. "मला मोठं नको. वेगळं करून हवंय."

गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणं एआयला जमतं. कंपनी तसलंच कानातलं यंत्र बनवत होती, पण एआयला गुणाकार आणि बेरजा लागतात त्या ढीगभर. एवढं गणित करणारी चिप कानात मावेना, आणि मावली तरी बॅटरी दुपारपर्यंतच मान टाकी. चिप लहान झाली नाही तर कंपनी या यंत्राचा नाद सोडणार होती. कात्रीने हे काम मागून घेतलं, ते काही उगाच नाही.

या गणितात प्रत्येक संख्या आपला दशांशासारखा बिंदू कुठे आहे हे सांगणारा एक आकडा सोबत घेऊन फिरते. दोघींची बेरीज करायची तर आधी बिंदूखाली बिंदू आणायचा, शाळेत आपण करायचो तसाच. ही जुळवाजुळव करणारी सर्किटंच निम्म्याहून जास्त जागा अडवून बसली होती. खरी बेरीज बिचारी कोपऱ्यात. कात्री म्हणाली, सोळा संख्यांना मिळून एकच बिंदू द्या. गटात जी सगळ्यांत मोठी असेल तिच्या मापाने बाकीच्यांनी राहायचं, म्हणजे जुळवाजुळवीची भानगडच नको. लोकांनी आधी नाकं मुरडली आणि चाचण्यांचे आकडे पाहून तोंडात बोटं घातली. बेरजेचं युनिट निम्म्याहून लहान झालं होतं. साहेबांनी भर बैठकीत तिची पाठ थोपटली, आणि साहेब म्हणजे काही उठसूट पाठ थोपटणारा माणूस नव्हे.

आराखडा चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे रवाना व्हायला थोडेच दिवस उरले होते. चाचणीसाठी तोच आराखडा चालवणारी, बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी तयार होती. साहेबांना विचारून ती पेटी तिने घरी आणली, तिची वायर आप्पांच्या कानाला लावली आणि आईला म्हणाली, "बोल काहीतरी. हळू."

"काय बोलू?" आई पुटपुटली.

"काहीही बोल की," आप्पा म्हणाले, आणि दोघीही उडाल्या. मग आई बोलत राहिली, आप्पा उत्तरं देत राहिले. कात्रीचा ऊर भरून आला. तेवढ्यात आईच्या हातून चमचा फरशीवर पडला.

"आता का गप्प झालीस?" आप्पांनी विचारलं.

आई गप्प झालेली नव्हती.

पुन्हा चमचा टाकला, पुन्हा तेच. चमचा खणखणला की आई नाहीशी. कात्रीने दुसऱ्या दिवशी त्या क्षणाच्या संख्या काढून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. चमच्याचा आवाज गटात सगळ्यांत मोठा, म्हणून बिंदू त्याच्या मापाचा. त्या मापात आईच्या आवाजाच्या संख्या शून्य होऊन गेल्या होत्या. धान्याच्या काट्यावर नाकातली सोन्याची फुली ठेवावी आणि काटा हलू नये, तसं. सगळ्या चाचण्यांची सरासरी काढली की हे कुठल्या कुठे लपून जाई.

गप्प राहणं सोपं होतं. सांगितलं तर आराखडा थांबणार, जुना लठ्ठ आराखडा परत येणार आणि त्याच्यासोबत यंत्रावरच पाणी पडणार. तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. तरी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, चमचा पडला की माझ्या वडिलांना माझी आई ऐकू येत नाही."

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत बघ. नाहीतर जुनंच पाठवू. आणि मग वरचे काय म्हणतील ते तुला माहीतच आहे."

चूक तिच्याच गुणातून झाली होती, हे तिला शोधताना कळलं. वायर कमी लागावी म्हणून तिने चिपवर शेजारीशेजारी असलेल्या संख्यांचे गट केले होते. एकाच क्षणाचे सगळे सूर, जाडे आणि बारीक, एकाच गटात कोंबले होते. त्याऐवजी एकाच सुराच्या लागोपाठच्या क्षणांचा गट केला, तर चमच्याचा किणकिणाट आपल्या बारीक सुरांच्या गटांपुरता राहील आणि आईच्या आवाजाच्या मुख्य सुरांना स्वतःचा बिंदू मिळेल. नवं सर्किट एकही नको. फक्त वायर लांब जाणार होती. कात्रीने आयुष्यात पहिल्यांदा वायर वाढवली, आणि ऑफिसात त्यावरून जे तोंडसुख घेतलं गेलं ते विचारू नका. "कात्रीने शिवणकाम सुरू केलं," आराखड्यांचा तपासणीवाला म्हणाला. सोमवारी मात्र त्यानेच सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या आणि मुकाट्याने सही केली. युनिट अजूनही जुन्याच्या निम्म्याहून लहानच होतं.

त्या संध्याकाळी पेटी पुन्हा घरच्या टेबलावर आली. आईने या वेळी एक चमचा नाही, चमच्यांचा अख्खा खण फरशीवर रिकामा केला. त्या खणखणाटात ती पुटपुटली, कात्रीलाही धड कळलं नाही इतकं हळू, "माझ्यामुळे तुम्हाला चारचौघांत फार लाज वाटली असेल ना? सारखी ओरडायचे."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. "लाज कसली," ते म्हणाले. "पण आता ओरडतेस कशाला? मी इथेच बसलोय."

आईने पदराने तोंड झाकलं. कात्री खाली बसून चमचे गोळा करू लागली, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: हे मी केलंय.