काकूच्या नावाची न फोडलेली पत्रं

अंगात येणं, बाहेरचं लागणं... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा ठेवायला उठते. अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

माझे धाकटे काका पॅराट्रूपर होते, कॅप्टन. एकाहत्तरच्या लढाईत गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांची शेवटची पत्रं शेंदूरजनाघाटच्या आमच्या घरी पोहोचली ती मरणाच्या तारेनंतर. तोवर आजोबांनी काकूला ‘पांढऱ्या पायाची’ ठरवून अकोल्याला माहेरी धाडलं होतं. पत्रं तिच्या नावाची, पण पुढे पाठवायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. काकांच्या लष्करी कागदांसोबत तशीच ट्रंकेत टाकली. काकू निरोप धाडून विचारत राहिली, आणि आमचे थोर लोक सांगत राहिले — काही आलंच नाही!

यंदा संत्र्याच्या तोडणीच्या वेळी माहेरी गेले, तर दादाच्या शेडमध्ये संत्र्याच्या क्रेटमध्ये तळाशी रद्दी अंथरणं चाललेलं. रद्दी म्हणजे काकांची ट्रंक. उड्यांच्या नोंदी, नेमणुकीचे कागद, पत्रं... सगळं फळाखाली. गाडी भरून निघूनही गेली होती. एक बंद पाकीट तेवढं माझ्या हाती लागलं.

“दादा, हे काकूचं हाय!”

“अवं, पन्नास वर्सं झाली. कोन वाचून राहिलं आता? कागद जाड हाय, फळाले डाग नाही लागत.”

संताप संताप झाला. दुसऱ्या दिवशी अकोल्याची बस धरली. जुन्या शहरात तिच्या भाच्याच्या घरी काकू खाटेवर होती, दृष्टी पार गेलेली. पाकीट हातात दिलं. तिने ते चाचपलं आणि म्हणाली, “मोजे इनू नको म्हनतात. जाड मोज्यावर बूट चढत नाही. अन् मळ्यातल्या नव्या कलमाइले पानी घाल म्हनतात.”

मी तिथेच पाकीट फोडलं. आतल्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या. मोजे, बूट, कलमं... सगळं तेच, फक्त काकांच्या शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत. मी ते दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू!

“काकू, तुले कसं मालूम?”

“रोज सकाळी येतात ना. एखादं पत्र वाचून दाखवतात.”

भाचसून हळूच म्हणाली, “आमी समजलो, म्हातारपनाचं बरळनं हाय.”

“आज नाही आले,” काकू म्हणाली. “बाकीची पत्रं कुठी हायेत, पोरी?”

मी खरं ते सांगितलं. काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मंग आता ते कायले येतीन?”

न फोडलेलं पत्र तिला कसं ठाऊक होतं, मला आजही सांगता येत नाही. भाचसुनेचा फोन येतो अधूनमधून. काकू रोज सकाळी केस विंचरून बसते म्हणे. कोणी येत नाही.